कार्ड चांगले वाळवावे

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास एका प्रयोगशाळेने करंजा या कोळ्यांच्या गावातल्या पाच वर्षांच्या मुलीच्या रक्ताचा नमुना तपासणीस अयोग्य ठरवला. प्रयोगशाळा दुसऱ्या शहरात होती. फोन पनवेलला, माझ्या धाकट्या बहिणीच्या दवाखान्यात आला.

तंत्रज्ञ बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. कार्डावरच्या रक्तात जे एन्झाइम मोजायचे होते ते जवळजवळ शून्य आले होते. पण खात्रीसाठी सोबत मोजलेली बाकीची एन्झाइमही शून्याच्या आसपास होती. म्हणजे दोष मुलीच्या रक्तात आहे की कार्डात, हे सांगता येत नव्हते. दुसरी गोष्ट वेगळीच होती.

"मॅडम, कार्डाला सुक्या मासळीचा वास येतोय."

"कुठल्या मासळीचा?" बहिणीने विचारले.

"मी सांगलीची आहे, मॅडम. मला सगळ्या सारख्याच."

मुलीची प्लीहा काढून टाकण्याचे ऑपरेशन मार्चच्या पहिल्या सोमवारी ठरले होते. त्याआधी अहवाल आला आणि बहिणीचा संशय खरा निघाला, तर ऑपरेशन टळणार होते. हातात अडीच आठवडे होते आणि नमुना नव्हता.

बहीण बालरोगतज्ज्ञ आहे. जुन्या पनवेलमध्ये, एसटी स्टँडपासून चालत सात मिनिटांवर तिचा दवाखाना आहे. मी तीस वर्षे वर्तमानपत्राच्या डेस्कवर उपसंपादक होतो. निवृत्त झाल्यावर तिच्या दवाखान्यातल्या फायली लिहू लागलो, कारण तिचे अक्षर दुसऱ्या दिवशी तिलाही लागत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती करंजाला जाऊन मुले तपासते. फायली घेऊन मीही जातो.

ही मुलगी त्याच महिन्याच्या पहिल्या रविवारी समोर आली होती. सोबत आई, वडील आणि आजी. वडील बोटीवर खलाशी आहेत, आई घर सांभाळते, आजी म्हणजे वडिलांची आई. आजी मासळी वाळवून विकते आणि घरातले बोलण्याचे कामही तीच करते. मुलीचे पोट इतके पुढे आले होते की फ्रॉक समोरून गुडघ्याच्या वर आणि मागून खाली लोंबत होता. गल्लीतली पोरे तिला केंड म्हणत. केंड हा पोट फुगवणारा मासा आहे. तिला त्याचे वाईट वाटत नव्हते. ती गाल फुगवून पोरांच्या मागे धावत असे आणि थोड्या अंतरावर पाय दुखतात म्हणून बसत असे. नाकातून रक्त येई ते लवकर थांबत नसे. अंगावर जागोजागी निळे डाग होते.

मलेरियापासून रक्ताच्या कर्करोगापर्यंतच्या तपासण्या झाल्या होत्या. कशातच काही निघाले नव्हते. फुगलेली प्लीहा रक्तातल्या पेशी गिळत होती, म्हणून एका मोठ्या रुग्णालयातल्या सर्जननी ती काढायची तारीख दिली होती. त्या वेळच्या कागदांवरून निर्णय चुकीचा नव्हता.

बहिणीने मुलीला आडवे केले आणि डाव्या बरगडीखालून बोटे मोजत खाली आली.

"आठ बोटं," ती मला म्हणाली.

आजीने मुलीचा फ्रॉक पुन्हा वर केला, आपली बोटे ठेवली आणि मोजली. "सा."

"आजी, आठ आहेत."

"तुजी बोटं बघ बाय, भेंडीवानी हायत. माजे बोटानं साच."

दोन माहितगारांचे दोन आकडे असतील तर दोन्ही नोंदवायचे, ही डेस्कची सवय. फाइलमध्ये लिहिले: प्लीहा बरगडीखाली आठ बोटे (डॉक्टर), सहा बोटे (आजी).

मग बहिणीने आई-वडिलांना विचारले, "तुमचं लग्न नात्यात झालंय का?"

"नाय," वडील म्हणाले.

"नाय," आई म्हणाली.

मी 'नाही' लिहिले. बहीण आजीकडे वळली. "सून कुठली तुमची?"

"कुठली म्हंजे? माजे भावाची पोर."

"म्हणजे यांच्या मामाची मुलगी."

"हां."

"मग लग्न नात्यातलंच झालं की, आजी!"

आजीने तिच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "नात्यातला कसला? नात्यातले म्हंजे लांबचे. ही घरातलीच हाय."

मी 'नाही' खोडले. दवाखान्याच्या फॉर्मवर आता तो प्रश्न नाही. त्या जागी दुसरा आहे: लग्नाआधी सासू तुमची कोण लागत होती?

त्या उत्तराने बहिणीच्या संशयाला दिशा मिळाली. तिने आजीला समजेल असे सांगायला सुरुवात केली. शरीराच्या प्रत्येक पेशीत कचरा साफ करणारा एक कोपरा असतो, त्याला लायसोसोम म्हणतात. तिथे वेगवेगळी एन्झाइम वेगवेगळा कचरा फोडतात. त्यातले एक जन्मापासून कमी असेल तर त्याच्या वाट्याचा कचरा साठत जातो. या मुलीत तो प्लीहेत आणि हाडांत साठत असावा.

"जेट्टीवर झाडणारी बाय नाय आली तर व्हतं तसा," आजी म्हणाली. "लिलाव झाल्यावर दोन दिस नाय झाडला, का पाय ठेववत नाय."

"अगदी तसंच."

"मंग ती फुगलेली पिशवी काढून काय व्हनार? जेट्टी तोडली म्हनून झाडनारी थोडीच येनार हाय?"

बहिणीने माझ्याकडे पाहिले. ती गेली पंधरा मिनिटे तेच सांगायला शब्द शोधत होती. प्लीहा काढली तर कचरा हाडांत जास्त साठतो. हा आजार असेल तर कमी पडलेले एन्झाइम सलाईनमधून देता येते.

"म्हंजे झाडनारी भायेरून आनायची."

"दर पंधरा दिवसांनी. कायम."

"नाव काय या दुखन्याचा?"

"संशय आहे तो गोशे नावाच्या आजाराचा."

"गोशा?" आजी म्हणाली. "आमी कोळनी. भर बाजारात बसून मासली इकतो. आमचेत कसला पडदा आन कसला गोशा?"

हसणे ओसरल्यावर आजीने हळू आवाजात विचारले, सोयरीक तिनेच जमवली होती, तर चूक तिची का? बहिणीने सांगितले की आई-वडील दोघांकडे एकेक बिघडलेले जनुक असावे. एकट्याने ते काही करत नाही, दोन्ही एका मुलात आली तरच आजार होतो. घरातल्या सोयरिकीत तसे होण्याची शक्यता वाढते, पण बाहेरच्या सोयरिकीतही ते होते. चूक कोणाची नाही.

रक्त तिथेच घेतले. या तपासणीसाठी जाड टीपकागदाचे कार्ड असते, त्यावर पाच वर्तुळे छापलेली असतात. प्रत्येक वर्तुळ रक्ताने भरायचे, कार्ड वाळवायचे आणि कुरिअरने पाठवायचे. शेवटचे वर्तुळ भरले आणि पनवेलच्या एका रुग्णालयातून नवजात बाळासाठी बहिणीला बोलावणे आले. ओले कार्ड गाडीत नेले तर हिंदकळून रक्त पसरले असते. कार्ड आजीच्या घरी ठेवायचे आणि वडिलांनी ते मंगळवारी पनवेलला आणून द्यायचे, असे ठरले.

बहिणीने बॅग भरता भरता मला चिठ्ठीवर लिहायची सूचना सांगितली. "कार्ड सावलीत, आडवं, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असं ठेवून चार तास वाळवा, उन्हात ठेवू नका, हात लावू नका."

हे अठरा शब्द होते. मी चिठ्ठीवर लिहिले: कार्ड चांगले वाळवावे.

अठराचे तीन करणे हे तीस वर्षांचे काम होते. शिवाय ज्यांच्या दारात मासळी वाळते, त्यांना वाळवायचे कसे ते सांगणे आगाऊपणाचे वाटले. बहिणीने चिठ्ठी वाचली नाही. ती गाडीत बसली होती.

मंगळवारी वडील पहिल्या एसटीने कार्ड घेऊन आले. मीच ते पाकिटात घातले. वास आला होता. दवाखान्यापासून मासळी बाजार लांब नाही, आणि तो वास तिथे बातमी नसतो.

नमुना अयोग्य ठरल्यावर बहिणीने प्रथम सर्जनना फोन केला. ते म्हणाले, तारखेआधीच्या शनिवारपर्यंत अहवाल हातात आला आणि त्यात आजार निघाला तर ऑपरेशन रद्द करू; नाही आला तर मुलीच्या रक्ताची स्थिती पाहता आणखी थांबता येणार नाही. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आम्ही करंजाला गेलो.

आजी दारातच बसली होती. अंगणात बांबूच्या दांडीवर बोंबील टांगलेले होते, खाली फाटक्या जाळ्यावर जवळा पसरला होता. बहिणीने नमुना बाद झाल्याचे सांगितले. आजी आत गेली, कॅलेंडरच्या मागून माझी चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली.

"वाच."

"कार्ड चांगले वाळवावे."

"मंग? काय चुकला माजा?"

"कसं वाळवलंत?" बहिणीने विचारले.

आजीने दांडीकडे हात केला. "तिथं. बोंबलाचे जोडीला. दोन ऊन दिली. दुपारी पालटला. एक ऊन दिला तर माल दमट रेतो, वास मारतो. चांगला म्हंजे दोन ऊन. मांजर आली, हाकलली. कावले आले, हाकलले. नातीचा रगत हाय ते. दोन दिस मी दांडीखालून उठली नाय. बाजारला पन नाय गेली."

फेब्रुवारीच्या उन्हात दोन दिवस. एन्झाइमला तेवढी उष्णता सोसत नाही. बहिणीने ते सांगितले आणि पुढे म्हणाली, "आजी, चूक तुमची नाही. लिहिणाऱ्याची आहे."

"लिवनारा कोन?"

मुलीच्या आईने माझ्याकडे पाहिले. मग वडिलांनी. मुलीनेही पाहिले, का ते तिला ठाऊक नसावे.

"दादूस, तू पेपरात व्हता ना?" आजी म्हणाली.

"होतो."

"पेपरात पन असाच लिवायचा?"

बहीण इतकी हसली की तिला ओट्यावर बसावे लागले. मी खिशातून कागद काढला आणि अठरा शब्द लिहिले. आजीने ते मुलीच्या आईकडून दोनदा वाचून घेतले.

"चार तास. हां. असा सांगायचा."

दुसरे कार्ड त्याच सकाळी पावणेअकराला भरले. मुलीच्या बोटातून रक्त घेतल्यावर ते थांबेपर्यंत बहीण दहा मिनिटे कापूस दाबून बसली. या वेळी कार्ड सोडून जायचे नाही, असे आम्ही ठरवून आलो होतो. पण मांडणी आजीनेच केली. आतल्या खोलीत, चुलीपासून लांब, खिडकीचे ऊन पोहोचत नाही अशा फळीवर तिने दोन रिकाम्या काड्यापेट्या ठेवल्या. त्यांवर कार्डाच्या दोन कडा टेकवल्या, म्हणजे रक्ताचा भाग वरून खालून मोकळा राहिला. वर जुन्या जाळ्याचा तुकडा ताणून बांधला, माश्या बसू नयेत म्हणून. बहिणीने ते दोन्ही बाजूंनी वाकून पाहिले आणि फोटो काढला. तो फोटो आता दवाखान्याच्या भिंतीवर आहे.

"सावलीत वालतंय," आजी फळीकडे बघत म्हणाली. "पावसाल्यातले गोधडीवानी. ह्याला काय वालवन म्हनायचा?"

मुलीला पहाऱ्याला बसवले. तिचे काम रंग सांगण्याचे होते. सुरुवातीला ती दर दोन मिनिटांनी "लाल!" म्हणून ओरडत होती. मग तिला कंटाळा आला. जेवणात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी होती. बहिणीने तीन भाकऱ्या खाल्ल्या. अडीचच्या सुमारास आतून आवाज आला, "चाकलेटी!"

आजी उठून फळीजवळ गेली. हात मागे बांधून ती वाकली, वास घेतला, खालून पाहिले. "वालला."

माझ्या घड्याळात तीन तास पन्नास मिनिटे झाली होती. बहीण म्हणाली, चार तास म्हणजे चार तास. आजीने माझ्या घड्याळाकडे पाहून मान हलवली आणि आम्ही सगळे दहा मिनिटे फळीसमोर बसून राहिलो.

कार्ड त्याच दिवशी संध्याकाळी पनवेलहून कुरिअरने गेले. पोहोचल्याचा फोन शनिवारी आला.

"या वेळी वास नाही, मॅडम," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. त्या जरा निराश वाटल्या, असे बहिणीचे म्हणणे आहे. मला तसे वाटले नाही.

पुढचा आठवडा काही न होता गेला. आजी दिवसातून दोनदा फोन करत होती आणि अहवालाचे विचारायच्या ऐवजी बोंबील पाठवू का असे विचारत होती. ऑपरेशनआधीच्या शुक्रवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी अहवाल ईमेलने आला. ते एक एन्झाइम अगदी कमी होते. बाकीची सगळी ठीक होती. म्हणजे कार्ड बरोबर होते आणि बहिणीचा संशयही. तिने सर्जनना अहवाल पाठवला. त्यांनी साडेपाचला फोन करून ऑपरेशन रद्द केले आणि हे कसे सुचले ते विचारले. बहिणीने सांगितले की मुलीच्या आजीला सून घरातली वाटते, नात्यातली नाही. त्यांना ते दोनदा सांगावे लागले.

करंजाला फोन मी केला. आजीने उचलला.

"अहवाल आला. तोच आजार निघाला. ऑपरेशन रद्द झालं."

"रद्द म्हंजे? पुढं ढकलला का कायमचा?"

"कायमचं."

"असा नीट सांगत जा, दादूस."

कार्डावरची तपासणी ही पहिली पायरी असते. नंतर मुलीचे रक्त पनवेलला नळीत घेतले, बर्फाच्या पेटीतून पाठवले, त्यातल्या पांढऱ्या पेशींत तेच एन्झाइम मोजले आणि जनुकाची तपासणी झाली. एप्रिलमध्ये दोन्ही अहवालांनी आजार पक्का केला. मेंदूला धक्का न लावणारा प्रकार निघाला, म्हणजे ज्यावर एन्झाइमची सलाईन उपयोगी पडते तो. औषध मोफत मिळण्याच्या एका योजनेसाठी अर्ज करावा लागला. सोबत मुलीची हकीकत लिहून जोडायची होती. मी ती दीड पानांत बसवली. बहिणीने परत दिली. दुसऱ्यांदा साडेतीन पाने झाली, तेव्हा तिने सही केली. औषध मंजूर व्हायला पावसाळा उजाडला. तोपर्यंत मुलीला उड्या मारायला आणि भांडायला बंदी होती. उड्यांची बंदी तिने पाळली.

पहिली सलाईन ऑगस्टमध्ये पनवेलच्या एका बालरुग्णालयात लागली. तेव्हापासून एक शनिवार सोडून एक शनिवार ती लागते. औषधाची पूड असते, ती पाण्यात विरघळवताना बाटली हलवायची नसते, हळू फिरवायची असते. पहिल्या दिवशी सिस्टर ते करताना आजी शेजारी उभी होती.

"हळू म्हंजे किती?" तिने विचारले.

सिस्टरना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी बाटली फिरवून दाखवली.

"कागदावर लिवून ठेवा," आजी म्हणाली. "पन या दादूसकडून नको."

सलाईन संपायला दोनेक तास लागतात. मुलगी त्या वेळात भाकरी आणि जवळ्याची चटणी खाते. पहिल्या महिन्यात वॉर्डात वासाची तक्रार झाली आणि डबा बाहेर उघडा, असे सिस्टरनी बजावले. तिसऱ्या महिन्यात आजी दोन डबे आणू लागली. दुसरा सिस्टरसाठी असतो.

दिवाळीनंतर नाकातून रक्त येणे बंद झाले. अंगावरचे डाग गेले. जूनमध्ये मुलगी पहिलीत गेली. गणवेशाचा स्कर्ट पुढून मागून सारखा बसतो. पोट उतरल्यामुळे केंड हे नाव दुसऱ्या एका मुलाकडे चालले होते. ते तिला मान्य नव्हते. ती आता पोट मुद्दाम फुगवून दाखवते, आणि दुसऱ्या गल्लीपर्यंत न बसता धावते. हे मी स्वतः पाहिले आहे.

दर सलाईनआधी बहीण प्लीहा मोजते. मग आजी मोजते. दोघींचे आकडे फाइलमध्ये शेजारी शेजारी असतात. गेल्या शनिवारची नोंद अशी आहे: प्लीहा बरगडीखाली चार बोटे (डॉक्टर), तीन बोटे (आजी).